सहा पिंजऱ्यांतला भुसा

औषधशास्त्राच्या कॉलेजच्या मागच्या अंगाला, जिथे पाण्याचा पाइप वर्षानुवर्षं गळतो आणि काम असल्याशिवाय कोणी फिरकत नाही, तिथे अ‍ॅनिमल हाऊस होतं. तिथे सव्वीस वर्षं उंदरांना खाऊपिऊ घालणाऱ्या आणि वेळ आली की त्यांचीच पोटं उघडणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामा म्हणत. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे. ठेवणारा शिकून, नोकरीला लागून कधीच निघून गेला असेल, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. मामांना त्याचं काही वाटत नसे. वाईट वाटून घ्यायचं तर दुसरं पुष्कळ होतं. लग्न राहून गेलं, शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपाशी अडखळलं, डोक्यावरचे केस तर पस्तिशीतच रजा घेऊन गेले.

पण एका बाबतीत भल्याभल्या पदवीवाल्यांनी मामांपुढे हात टेकले होते. डोळा! उंदराचं जठर ते केवढं, अंगठ्याएवढं. ते उघडायचं, धुवायचं, थर्मोकोलच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवायचं आणि भिंगाखाली त्यातले व्रण मोजायचे. लाल ठिपक्याला एवढे गुण, रेघेला तेवढे, खोल गेलेल्या खड्ड्याला सगळ्यात जास्त. नवशिके एकाच जठराला सकाळी आठ गुण देत आणि दुपारी बारा. मामांनी एकदा दिलेला आकडा आठ दिवसांनी पुन्हा तोच यायचा. बड्या बड्या प्राध्यापकांचे निबंध मामांच्या या डोळ्यावर छापून आले होते. निबंधात मामांचं नाव शेवटी, आभारात, तेही कधी कधी. असो.

सांधेदुखीच्या गोळ्या दुखणं थांबवतात हे खरं. रोज खाल्ल्या तर जठराचं अस्तर खातात, हेही तितकंच खरं. कॉलेजातल्या एक मॅडम पाच वर्षं यावर झाडपाल्याचा उतारा शोधत होत्या. कुंपणाला लावतात तसलं एक झुडूप होतं. पानं इतकी कडू की शेळीनेसुद्धा हुंगून तोंड फिरवावं. त्या पानांचा अर्क आधी उंदराला पाजायचा, तासाभराने दुखण्याच्या गोळीचा मोठा डोस द्यायचा, आणि सहा तासांनी जठर उघडून बघायचं, अर्काने काही वाचवलं का. सहा उंदरांना नुसती गोळी, सहांना बाजारातलं ठरलेलं पित्ताचं औषध आणि गोळी, सहांना अर्क आणि गोळी. अठरा उंदीर, अठरा जठरं, आणि एक मामा.

आता चूक कुठे झाली ते आधीच सांगून टाकावं, म्हणजे पुढे कोणाला डोकं खाजवायला नको. या प्रयोगात उंदीर आदल्या दिवसापासून कडकडीत उपाशी हवा. पोटात काही असलं की गोळीचा मार जठराला पुरता बसत नाही. आणि उंदीर हे असलं बेरकी जनावर की खाणं काढून घेतलं तर खाली अंथरलेला भुसा खाईल, भुसा काढला तर स्वतःच्या लेंड्या खाईल, पण उपास करणार नाही. म्हणून उपासाच्या दिवशी पिंजऱ्याला जाळीचा तळ बसवतात. पडलं की गेलं खाली, तोंड पोचेना. हे मामांनी इतक्या जणांना शिकवलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्या दिवशी सहा जाळ्यांच्या तारा तुटून वर आल्या होत्या. त्यांवर उंदीर ठेवले असते तर पाय रक्तबंबाळ झाले असते. मामांनी त्या सहा जाळ्या वेल्डरकडे पाठवल्या आणि फळीच्या टोकाचे सहा उंदीर साध्या पिंजऱ्यात, भुशावर ठेवले. "राहा बाबांनो एक दिवस, उद्या मरायचंच आहे," म्हणाले. दया आली, दुसरं काही नाही. खाण्याची टोपली काढली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि रजिस्टरमध्ये 'जाळीचा तळ' या रकान्यात अठराच्या अठरा खुणा केल्या. सव्वीस वर्षांत त्या रकान्यात खुणेशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं, हात आपोआप चालला. फळीच्या टोकाचे ते सहा म्हणजे नेमके अर्काचे सहा.

दुसऱ्या दिवशी त्या सहांची जठरं उघडली तेव्हा आत हिरवट तपकिरी गाळ निघाला. अर्कही तसाच, हिरवट तपकिरी. अर्काचाच साका राहिला असणार, असं म्हणून मामांनी तो नळाखाली धुऊन टाकला. तिथे ना त्यांचा डोळा चालला ना डोकं. मग भिंग लावलं. नुसत्या गोळीच्या जठरांत जागोजाग रेघा आणि खड्डे. अर्काच्या जठरांत? एका उंदरात दोन ठिपके, एकात एक, बाकी चार लख्ख. बाजारातल्या औषधापेक्षा सरस! मामांनी तीनदा मोजलं आणि मॅडमना हाक मारली.

मॅडम भिंगाला डोळा लावून बसल्या त्या उठेचनात. उठल्या तेव्हा डोळे ओले होते. "मामा, पाच वर्षं," एवढंच म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "तुमच्या तोंडात साखर पडो." मामांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी उरलेल्या उंदरांना दुप्पट खाणं घातलं.

आणि संध्याकाळी ते बहिणीकडे गेले.

मामांना एकच बहीण, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मामा सात वर्षांचे होते. ताईने त्यांचं नाक पुसलं, त्यांना शाळेत घातलं, नापास झाले तेव्हा धपाटा घातला आणि वर जेवायलाही घातलं. लग्न झालं तरी तिने भावाला सोडलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे त्याला खोली बघून दिली आणि बजावलं, "संध्याकाळी जेवायला इथेच यायचं. तुझ्या हातचं खाऊन तुझे उंदीरसुद्धा मरतील." तेव्हापासून रोज संध्याकाळी मामा तिथेच. ताई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, भिंतीला टांगलेले लोकांचे कपडे, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे. चाळीस वर्षं पायाने मशीन चालवून तिचे गुडघे गेले होते आणि कात्री धरून बोटांची पेरं सुजली होती. दुखण्याच्या दोन गोळ्या खाल्ल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. दोन वर्षांपूर्वी त्या गोळ्यांनीच एकदा पोट पोळलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी दम भरला होता की सकाळी उठल्या उठल्या पोटाची गोळी घ्यायची, ती कधीही चुकवायची नाही.

ताईला ती पोटाची गोळी डोळ्यांसमोर नको असायची. "दुखतं म्हणून गोळी, त्या गोळीने पोट जळतं म्हणून ही गोळी, उद्या हिने काही झालं की तिसरी. मी बाई आहे की औषधांचं कपाट?" पण घ्यायची. डॉक्टरांना घाबरायची.

मामांनी अंगरख्याच्या खिशातून छोटी बाटली काढून मशीनवर ठेवली. प्रयोगातून उरलेला अर्क एरवी टाकूनच देत. तोच त्यांनी भरून आणला होता. "ताई, तुझं वजन किती?"

"मेल्या, बायकांना वजन विचारतोस?"

"औषधाचा हिशेब करायचाय. उंदराला अमुक दिलं तर तुला किती."

पलंगावर पेपर वाचत पडलेले भाऊजी हसून लोळायचे बाकी राहिले. "उंदरावरून बायकोचं माप! मेव्हणे, तुम्ही खरे शास्त्रज्ञ हो." भाऊजी शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना मेव्हण्याची टिंगल हा एकच उद्योग उरला होता.

मामांनी सगळं सांगितलं. लख्ख जठरं, मॅडमचे डोळे, सगळं. "ताई, माझ्या या डोळ्यांनी बघितलंय. बाजारातली गोळी याच्यापुढे काही नाही. ती कशाला घेतेस आता? सोड ती. हे घे, सकाळी एक चमचा पाण्यात."

ताईने बाटली उजेडात धरली, वास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं. पण तिच्या तोंडावर जे होतं ते मामांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. धाकटा भाऊ, नापास झालेला, बिनलग्नाचा, उंदरांची घाण काढणारा, तो आज तिच्यासाठी जगात कोणाकडे नाही असं काही घेऊन आला होता. "माझा भाऊ म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच नाही," ती म्हणाली, आणि पोटाच्या गोळ्यांचं पाकीट उचलून कपाटाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात टाकून दिलं.

दोन महिने असे गेले. मामा कॉलेजातल्या साठ्यातून बाटल्या आणत होते, ताई नाक दाबून पीत होती. कपडे टाकायला येणाऱ्या बायकांना ती मशीन थांबवून सांगायची, "माझ्या भावाचं औषध. अजून बाजारात यायचंय." पोट दुखत नव्हतं. कसं दुखेल? दुखण्याच्या दोन गोळ्या रोज आत जात होत्या, त्या गुडघ्याचंही गप्प करायच्या आणि पोटाचंही. हे मामांना ठाऊक नव्हतं असं नाही. ज्याला उंदराच्या पोटातलं ठाऊक, त्याला एवढं ठाऊक नसेल? पण आपलं खरं ठरतंय असं वाटलं की माणूस ठाऊक असलेलंही विसरतो.

मग मॅडमनी दुसरा प्रयोग लावला. आता अर्क कमी दिला तर किती चालतो ते बघायचं होतं, आणि जोडीला पहिल्याएवढाच पूर्ण डोस एका गटाला. जाळ्या वेल्डरकडून कधीच परत आल्या होत्या. सगळे उंदीर जाळीवर, सगळे खरे उपाशी.

जठरं उघडली. कमी डोसवाली लाल. पूर्ण डोसवालीही लाल. रेघा, खड्डे, सगळं जिथल्या तिथे, नुसत्या गोळीच्या गटात आणि यांच्यात काडीचा फरक नाही. मॅडम म्हणाल्या, "अर्क खराब झाला असेल. किंवा पानं जून असतील." आणि पुन्हा पानं वाळत घालायला निघून गेल्या.

मामा मात्र नळाखाली शेवटचं जठर धरून उभे राहिले. पाणी स्वच्छ वाहत होतं. गाळ नव्हता. तोच अर्क, तेवढाच डोस, तेवढाच वेळ, मग या वेळी साका कुठे गेला? मागच्या प्रयोगातल्या अर्काच्या एका उंदराचं जठरालगतचं आतडं न धुता, न उघडता बरणीत फॉर्मॅलिनमध्ये राखून ठेवलेलं होतं, पुढे कधी काप घ्यावे लागले तर म्हणून. मामांनी ते काढलं, चिरलं, आतला गाळ काचेवर पसरला आणि भिंग लावलं. लाकडाच्या भुशाचे बारीक तंतू, आणि लेंडीचे तुकडे. अर्काचा त्यात मागमूस नव्हता. ते सहा उंदीर आदल्या दिवसापासून पोटभर जेवलेले होते, मॅडमच्या पानांनी त्यांचं काहीही वाचवलेलं नव्हतं.

मामा स्टुलावर बसले. पहिला विचार मॅडमचा आला, हे कबूल केलं पाहिजे. दुसरा रजिस्टरमधल्या अठरा खुणांचा आणि त्यांच्याखालच्या आपल्या सहीचा. ताई आठवली ती तिसऱ्या नंबराला.

दोन दिवसांनी त्यांनी मॅडमना सांगितलं. हिंमत करून, दार लावून, काच दाखवून. मॅडमनी रजिस्टर काढलं, त्या दिवसाचं पान उघडलं आणि खुणांवरून बोट फिरवलं. "मामा, इथे सही तुमची आहे ना?"

"माझीच."

"मी पुढच्या महिन्यात हे परिषदेत सगळ्यांसमोर वाचणार होते." त्यांचा आवाज चिरकला. ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. "ठीक आहे. परवानगी काढून पहिल्यापासून पुन्हा करू. मी वाचणार नाही. पण खात्री होईपर्यंत तुम्ही कुठे बोलू नका, मलाच सांगू द्या." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "एक विचारू? साठ्यातला अर्क मोजला की दर वेळी थोडा कमी भरतो. तुम्ही कोणाला नेऊन दिलेला नाही ना?"

हा प्रश्न सरळ होता. "हो मॅडम, बहिणीला," असं म्हणाले असते तर त्या बाईने तिथल्या तिथे त्यांना ताईकडे पिटाळलं असतं. मामा म्हणाले, "छे छे. बाटलीला चिकटून जातो."

त्या संध्याकाळी ते ताईकडे गेले, ते सांगायचंच असं ठरवून. वाटेत शब्द जुळवले होते. ताईने ताट वाढलं आणि विचारलं, "आज बाटली नाही आणलीस? कालच संपली."

मामा म्हणाले, "साठा संपलाय. थोडं थांबावं लागेल."

बस्स. एवढंच निघालं तोंडातून. आणि एकदा निघालं की ते पुढचं बोलणं अडवून बसतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हेच चाललं. मामा घरून निश्चय करून निघायचे आणि उंबऱ्यात चपला काढताना तो निश्चयही तिथेच काढून ठेवायचे. एकदा तर ताईने त्यांच्यासमोर दुखण्याच्या दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या.

"ताई..."

"काय रे?"

"उपाशीपोटी घेऊ नकोस."

"बघा हो," भाऊजी पलंगावरून म्हणाले, "शास्त्रज्ञ उपास सोडायला सांगतायत." ताई हसली, मामाही हसले. असं हसू कोणाच्या वाट्याला येऊ नये.

काय अडत होतं? मॅडमला दिलेला शब्द? बहिणीसाठी तो केव्हाही मोडता आला असता, हे मामांना पक्कं कळत होतं. अडत होतं ते ताईचं तोंड. बाटली उजेडात धरली तेव्हाचं. पोटाची गोळी पुन्हा घे म्हटलं की ती विचारणार, का? आणि का ते सांगितलं की पन्नास वर्षांचा नापास भाऊ पुन्हा तिथेच उभा राहणार, धपाटा खायला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मामा ती मूठ आवळत राहिले. चारआठ दिवसांत काय होतंय, असंही म्हणाले. सहा उंदीर भुशावर ठेवतानाही हेच म्हणाले होते, एक दिवसाने काय होतंय.

ताई मात्र वाट बघत होती. भावाने थांब म्हटलंय, थांबायचं. पोटाची गोळी घ्यायचा प्रश्नच नव्हता, ती घेतली तर भावाच्या औषधावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. मधल्या मधे ती थकायला लागली. जिना चढताना मध्येच थांबायची, मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटायची. रंग उतरला. मामांना ते दिसलं. त्यांचा डोळा तो, त्याला दिसणार नाही असं होणं नाही. पण दिसलेलं धुऊन टाकायची सवय त्या डोळ्याला आता लागली होती.

अठराव्या दिवशी सकाळी कॉलेजात भाऊजींचा फोन आला. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टिंगल नव्हती. ताईला मशीनवर बसल्या जागी उलटी झाली होती, काळी, वाटीभर. शेजाऱ्यांनी रिक्षा आणेपर्यंत आणखी एक झाली, ती लाल होती.

मामा दवाखान्यात पोचले तेव्हा ताईला आत घेतलं होतं. भाऊजी बाकावर बसले होते, सदऱ्यावर डाग होते. मामांना बघताच ते उठले आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोन महिने बरं होतं ना तिचं? होतं ना? तुम्ही ते औषध बंद केलंत आणि हे झालं. रोज वाट बघायची हो ती. सख्ख्या बहिणीला एक बाटली जड झाली तुम्हाला?"

व्हरांड्यातली माणसं त्यांच्याकडे बघत होती. चोरून आणलेल्या, निरुपयोगी, कडू पाण्याची अशी कीर्ती व्हावी, आणि ती ऐकून आपण गप्प बसावं! देवाने माणसाला जीभ दिली ती कशासाठी, असा प्रश्न पडावा.

नळी घालून आतली जखम बंद केली, रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचल्या," म्हणाल्या. "पण जखम आजची नाही. रक्त कितीतरी आठवडे आत झिरपत असणार. यांना पोटाची गोळी लिहून दिली होती, ती का बंद केली?"

"माझ्या मेव्हण्यांच्या औषधाने बरं होतं," भाऊजी म्हणाले. "ते मिळेनासं झालं म्हणून..."

डॉक्टरीणबाईंनी मामांकडे पाहिलं.

आत सोडलं तेव्हा ताई उशीला टेकून पडली होती, चेहरा चादरीच्याच रंगाचा. भाऊजींना औषधं आणायला पाठवलं होतं. मामा स्टूल ओढून बसले. तिने हात पुढे केला, सुजलेल्या पेरांचा, आणि भावाच्या मनगटावर ठेवला. "घाबरलास ना रे? यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस. साठाच संपला त्याला तू काय करणार? आता आला की मात्र आधी मला दे. बघ ना, थांबलं आणि लगेच उलटलं. म्हणजे औषध खरंच गुणाचं होतं."

या बोलण्याने मात्र मामांचा बांध फुटला. त्यांनी सगळं सांगितलं. सहा जाळ्या, भुसा, खुणा, गाळ, बरणी, काच. भराभर सांगितलं, मधे थांबलो तर पुन्हा थांबूनच राहू या भीतीने. "ते औषध नव्हतंच, ताई. कधीच नव्हतं. पोट भरलेले उंदीर होते नुसते. माझी चूक. सगळी माझीच चूक."

ताई ऐकत होती. चिडली नाही, रडली नाही. सगळं संपल्यावर तिने छताकडे बघत बघत थोडा विचार केला, कापड कापायच्या आधी करायची तसा.

"हे तुला कधी कळलं?"

मामा चादरीची घडी सारखी करू लागले.

"मी विचारतेय. कधी कळलं?"

"वीस दिवस झाले."

"म्हणजे साठा संपला म्हणालास तेव्हा कळलेलं होतं."

"हो."

"आणि रोज जेवायला येत होतास."

मामांची नुसती मान हलली.

"चूक झाल्याचं काही नाही रे," ताई म्हणाली. आवाज अगदी हळू होता, कानाशी यावं लागत होतं. "चुका काय, मी लोकांची कमी कापडं वाया घालवली? सांगायचं, चुकलं. शिव्या खायच्या. भुशाचं नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. उंदरांचं नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. 'ताई, ती गोळी घे.' एवढंच. मी एका शब्दाने का म्हणून विचारलं नसतं. तू म्हणालास म्हणून सोडली, तू म्हणाला असतास तर धरली असती."

मामांनी तिचा हात घट्ट धरायला बघितला. तिने तो काढून घेतला. रागाने नाही, हळूच, आणि चादरीच्या आत ठेवला.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. कोणती गोळी किती वाजता, दुखण्याच्या गोळ्या बंद, त्याऐवजी काय, पोटाची गोळी न चुकता, सगळं त्या समजावून सांगायला लागल्या. म्हातारी माणसं विसरतात, म्हणून त्यांनी सवयीने कागद स्टुलावर बसलेल्या माणसापुढे धरला. "तुम्ही भाऊ ना? तुम्ही नीट ऐकून घ्या."

"त्याला नको," ताई म्हणाली. "मला सांगा. माझं मी बघेन."

डॉक्टरीणबाई पलंगाच्या त्या बाजूला गेल्या आणि एकेक ओळ तिला वाचून दाखवू लागल्या. ताई प्रत्येक ओळीला 'हं' म्हणत होती आणि पुन्हा विचारून घेत होती. मामा स्टुलावर बसून राहिले. त्यांनाही सगळं ऐकू येत होतं, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं.